पावसाचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं

नेहमी ऐकू येतं की पावसाळ्यात नद्यांचा गाळ समुद्रात येतो म्हणून मासळी वाढते. थोडं खरं आहे, पण मोठा हात वाऱ्याचा आणि प्रवाहाचा. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, वाराही साधारण त्याच दिशेचा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं गार, खतावलेलं पाणी वर येतं. त्यावर शेवाळ आणि शेवाळावर मासळी वाढते. केरळात हे सगळ्यात जोरात, तारली मासळी तिथे उगाच नाही इतकी. उत्तरेकडे जोर कमी होत जातो.

आपल्याकडची गंमत (मच्छीमाराला गंमत नव्हे!) म्हणजे नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी हलकं, ते पाचदहा मीटरच्या थरात झाकणासारखं पसरतं. खालच्या पाण्याला हवा लागत नाही, कुजणाऱ्या शेवाळात प्राणवायू संपतो. गोव्याजवळच्या उथळ समुद्रात सप्टेंबर-ऑक्टोबरला तळाशी हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायूसुद्धा सापडलाय. भाद्रपदात आमच्याकडे तळातून ओढलेला दोर हाताला गार लागतो, वर पाणी मात्र कोमट. तेव्हा काका म्हणायचे, "आज तळाक काय नाय, वरचाच बघ."