नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि जोकरचा बाप

पडवीतला पंखा (धागाकर्ता):
चार दिवस पावसाने झोडपलंय, लाईट काल दुपारपासून गेलेली, फोन गाडीत चार्ज करून लिहितोय. माळ्यावरच्या ट्रंकेत ओल शिरली म्हणून सगळी कॉमिक्स पडवीत पसरली आणि तिथेच भाच्याशी जुंपली. तो नववीत. त्याचं म्हणणं, ज्या विलनचा भूतकाळ सांगितलेला नाही तो अर्धवट लिहिलेला विलन. मला हे मुळीच पटत नाही. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, त्यात मी तिसरं घालतो: विलनचं बालपण.

बॅटमॅनचा कट्टर शत्रू जोकर घ्या. १९४० साली ‘बॅटमॅन’च्या पहिल्याच अंकात आला. रेडिओवर आधी जाहीर करतो, अमुक माणूस रात्री बाराला मरेल, आणि बाराच्या ठोक्याला तो माणूस दात विचकून मरतो. हा कोण, कुठला, कशासाठी, एक अक्षर नाही. (त्याच अंकाच्या शेवटी तो मरणार होता, संपादकाने ऐनवेळी एक चौकट वाढवायला लावली म्हणून वाचला.) १९५१ मध्ये सांगितलं की हा ‘रेड हूड’ नावाचा चोर, रसायनांतून पोहून पळताना रंग पालटला. नाव तरीही नाहीच. १९८८ च्या ‘द किलिंग जोक’मध्ये ॲलन मूरने त्याला गरोदर बायको दिली, न चालणारा विनोदवीराचा धंदा दिला, आणि मग त्याच्याच तोंडून कबूल करून घेतलं की मला कधी एक आठवतं, कधी दुसरंच. दिलं आणि लगेच काढून घेतलं. ह्याला म्हणतात लेखक.

आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकातला राक्षस संकासूर बघा. काळा बुरखा, लोंबती लाल जीभ, तो आला की पोरं आईच्या पदरात. वेद चोरतो. का चोरतो हे कोण विचारतं? हसवतो, घाबरवतो, विष्णूच्या हातून मरतो. त्याला लहानपणी मास्तरांनी फार मारलं होतं असं कोणी जोडलं तर पेटीवाला उठून घरी जाईल.

हर्णैची लाट:
दादा, संकासूर अर्ध्या तासाचा पाहुणा आहे. रात्रीचं मुख्य आख्यान सुरू व्हायच्या आधीच त्याचा निकाल लागतो. पहाटेपर्यंत तोच उभा राहिला असता तर दोन वाजता तुम्हीच म्हणाला असतात, अरे ह्याला पाहिजे तरी काय!

आणि जोकर हा अपवाद आहे, त्याच्यावरून नियम कसला काढता? एक्स-मेन कॉमिक्समधला मॅग्नेटो बघा, म्युटंट, म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती लाभलेला. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी आणला तेव्हा नुसता आरडाओरडा करणारा गडी. पुढे टोळी जमवली आणि तिचं नाव काय ठेवलं? ‘दुष्ट म्युटंटांचा बंधुसंघ’! स्वतःच्या टोळीला स्वतःच दुष्ट म्हणणारा माणूस तुम्ही कुठे पाहिलाय? आमच्याकडे वाळूचोरसुद्धा स्वतःला ‘उद्योजक’ म्हणवतात.

मग १९८१ मध्ये ‘अनकॅनी एक्स-मेन’च्या १५० व्या अंकात लेखक ख्रिस क्लेअरमाँटने त्याला नाझींच्या आउशवित्झ छळछावणीतलं बालपण दिलं. रागाच्या भरात तो एक्स-मेनमधल्या किटी प्राइडवर वार करतो, ती पडते, आणि त्याला दिसतं की ही तर कोवळी पोर आहे. तिथे तो थांबतो. ज्या छळातून तो वाचला तोच आता तो दुसऱ्याच्या लेकरावर करतोय हे त्याला कळतं. अठरा वर्षं खलनायक असलेला माणूस एका पानात माणूस झाला. हे भूतकाळाशिवाय करून दाखवा.

पडवीतला पंखा:
लाटेबाई, मॅग्नेटो मान्य. पण तुम्ही दोन गोष्टींची भेळ करताय. कुठून आला हा एक प्रश्न, का करतो हा दुसरा. मॅग्नेटोचा ‘का’ पक्का झाला म्हणून तो उभा राहिला. कुठे जन्मला, शाळा कुठली, पहिलं प्रेम कोण, हे सगळं नंतर इतरांनी रचत नेलं त्याने त्याच्यात काय भर पडली?

काजूगर:
+१. एक्स-मेनमधला वुल्व्हरिन आठवा. हा तर विलन नव्हे, नायकांच्या बाजूचा माणूस. १९७४ मध्ये हल्कशी मारामारी करायला आला आणि २७ वर्षं त्याचं कूळ कोणालाच ठाऊक नव्हतं. १९९१ मध्ये हाडांत धातू कसा ओतला ते दाखवलं, पण माणूस कोण हे झाकूनच ठेवलं. २००१ मध्ये ‘ओरिजिन’ आलं आणि कळलं काय, तर एकोणिसाव्या शतकातल्या कॅनडातल्या मोठ्या वाड्यातला आजारी, नाजूक जेम्स. मी वाचून मिटलं आणि परत उघडलं नाही. फणस कापल्यावर आत गरे असावेत, इथे नुसता चारखंड निघाला.

हर्णैची लाट:
काजूगर, तुमची निराशा कळते, पण त्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे. वुल्व्हरिनला स्वतःलाच आठवत नाही. त्याचं गूढ लेखकाने वाचकापासून लपवलेलं नाही, त्याच्याकडून हिसकावलेलं आहे. म्हणून तो शोधत फिरतो, म्हणून कोणावर विश्वास टाकत नाही. तिथे न आठवणं हाच त्याचा ‘का’ आहे. शोध दाखवलात तर कधीतरी सापडलेलंही दाखवावं लागेल. नुसतं काळं कापड टाकून ‘बघा, किती गूढ’ म्हणणं हा आळस.

रापणवालो:
गूढाची गोष्ट काडलास म्हणान लिवतंय. आरवलीत माजा आजोळ. देवळात ह्यो मोठो वेतोबा, हातात तलवार. लोक केळ्यांचे घड आणि चामड्याची मोठी चपला देतत. कित्याक? तर देव रातचो गाव राखूक फिरता आणि चपला झिजतत. आता माका सांगा, ‘हो पयलो खंय होतो’ म्हणान कोणी विचारता? रातचो फिरता, बस झाला.

(फुडचा शुद्ध मराठीत, नायतर मुंबयवाले अर्थ विचारतले.) १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समध्ये फँटम हा मुखवटेवाला नायक यायला लागला आणि मराठीत तो ‘वेताळ’ झाला. लहानपणी मला खात्रीच होती की हा आमचाच, फक्त कपडे जांभळे. जंगलात राहतो, मरत नाही, रात्री येतो. गूढ मित्र असावा तर असा.

हर्णैची लाट:
रापणवाले काका, वेतोबाला हात जोडून सांगते, हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. फँटमचं सगळं वाचकाला पहिल्यापासून ठाऊक आहे. १५३६ साली चाच्यांनी जहाज लुटलं, एकटा वाचलेला मुलगा किनाऱ्याला लागला, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच मुखवटा घालतो. आपण वाचतो तो एकविसावा. तो अमर आहे असं फक्त जंगलातल्या लोकांना आणि चोरांना वाटतं. आपल्याला माहीत, त्यांना नाही. मजा सगळी त्या फटीत आहे.

रापणवालो:
ह्यां मातर खरां. 😄

सुपारीची साल:
स्पायडर-मॅनचा शत्रू हॉबगॉब्लिन कोणी काढलाच नाही? गूढाची खरी किंमत तिथे कळते. १९८३ मध्ये ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’मध्ये आला, मुखवट्याआड कोण हे कोडं. रचणारा रॉजर स्टर्न उत्तर न सांगताच मालिका सोडून गेला. मागे राहिलेल्यांनी १९८७ मध्ये नेड लीड्स नावाच्या पत्रकारावर खापर फोडलं, तेही तो मेल्यावर. शेवटी १९९७ मध्ये स्टर्नने परत येऊन सांगितलं की खरा गुन्हेगार रॉडरिक किंग्जली. चौदा वर्षं! गूढ म्हणजे वाण्याकडची उधारी. वही ज्याच्या हातात त्याला हिशेब ठाऊक असला तर ठीक, नाहीतर पुढच्या मालकाच्या गळ्यात.

काजूगर:
मग जोकरची उधारी?

सुपारीची साल:
ती बुडीत खात्यात. दुकानदारालाच फेडून नको आहे. पण असं एखाद्याच गिऱ्हाईकाचं चालतं.

फँटम स्ट्रेंजरचं आठवतं का? (वेताळवाला फँटम नव्हे, हा वेगळा.) १९५२ पासूनचा, नायकांना मदत करून धुक्यात नाहीसा होणारा. १९८७ मध्ये त्याचा जन्म सांगायची वेळ आली तेव्हा एकाच अंकात चार वेगवेगळ्या कथा दिल्या, घ्या हवी ती. लाटेला हा आळस वाटेल.

हर्णैची लाट:
नाही वाटत. चार लिहायला चौपट कष्ट. माझा राग शून्य लिहिणाऱ्यांवर आहे.

पडवीतला पंखा:
लाईट आली. भाच्याला सगळा धागा वाचून दाखवला. ‘मग मी जिंकलो ना?’ म्हणतो. मी म्हटलं, अर्धा. तर विचारतो, मामा, संकासुराने वेद नेले ते वाचायला की विकायला? पुढच्या जत्रेत नटालाच विचारणार म्हणतोय. विचारेलही, भरवसा नाही.

‘अनकॅनी’चा १५० वा अंक कोणाकडे असला तर कळवा. माझ्या प्रतीची मधली पानं एकमेकांना चिकटलीत, नेमकी तीच.