'युद्ध पुकारणे' म्हणजे युद्धाले हाका मारणे काय?

कास्तकार :
भाचा सातवीत हाय, वाक्प्रचार पाठ करून राहिला होता. 'युद्ध पुकारणे' आलं तर मले म्हने, मामा, पुकारना म्हणजे तं बोलावनं नं, मंग शेजारच्या देशाविरुद्ध युद्ध पुकारलं म्हणजे युद्धाले हाका मारल्या काय? हासलो, पन सांगता नाई आलं. पेपरात 'घोषित केले', हिंदी चॅनलवर 'ऐलान', पुस्तकात 'पुकारले', आन आमचा आबा सरळ म्हनते 'लढाई लागली'. सारं एकच का?

गुरुजी :
पोराची शंका रास्त आहे, आपल्याकडे कानात हिंदीच जास्त. हिंदीत पुकारना म्हणजे हाक मारणं. मराठीत पुकारणे म्हणजे चारचौघांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगणं, कोर्टात नावाचा पुकारा होतो तसं. पण एक गंमत बघा, संप पुकारतात, बंद पुकारतात, बंड पुकारतात, सुट्टी मात्र कोणी पुकारत नाही, ती जाहीर होते. म्हणजे पुकारायला समोर कोणीतरी लागतो ज्याच्या विरुद्ध पुकारायचं. 'घोषित' त्यामानानं कागदावरचा शब्द.

पुलगाववाला :
आबाचं 'लागली' सोडू नका ना बाप्पा! आग लागते, झड लागते, तशी लढाई लागते, कोनं लावली ते त्यात येतच नाई. आमच्या गावाले दारूगोळ्याचा डेपो, त्याच्यानं म्हातारे लोकं 1971 ची गोष्ट काढतातच. 3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानच्या विमानांनी पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर अशा विमानतळांवर बॉम्ब टाकले, इंदिराबाई तवा कलकत्त्यात होत्या, दिल्लीले वापस येऊन मध्यरात्री रेडिओवर बोलल्या. त्याईनं काई 'मी युद्ध पुकारते' असं नाई म्हटलं, बांगलादेशातलं युद्ध आता भारतावरचं युद्ध झालं, असं म्हटलं. 'विरुद्ध' नाई, 'वर'. एका शब्दात कोन कोनावर चालून आलं ते समजते. 'युद्ध लादलं' हेबी त्यातलंच, बैलबंडीत कपाशीचे बोंदरे लादतो तसं, बैलाले कोनी इचारत नाई.

कास्तकार :
मंग पुकारते कोन गुरुजी? मी तं पुकारलेलं युद्ध पाह्यलंच नाई.

गुरुजी :
हेच तर. 20 ऑक्टोबर 1962 ला चीन चालून आला, पुकारा नाही. आपण 26 ला आणीबाणी जाहीर केली. 1999 ला कारगिलमध्ये तर 'ऑपरेशन विजय', युद्ध हा शब्दच नाही. पुतिन 24 फेब्रुवारी 2022 ला टीव्हीवर आले आणि युक्रेनबद्दल म्हणाले 'विशेष लष्करी कारवाई', आणि रशियातल्या पेपरांना तिला युद्ध म्हणायची बंदी. अमेरिकेच्या संसदेनं रीतसर पुकारा केला तो शेवटचा 1942 मध्ये. 1945 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दुसऱ्या देशावर बळ वापरायला मनाई आली, आपल्या बचावासाठी लढायची तेवढी मोकळीक राहिली, मग आपण होऊन पुकारा करून गुन्हा कोण कबूल करतो? म्हणून 'पुतिन यांनी युद्ध पुकारले' हा मथळा माझ्या मते चूक, त्यांनी पुकारलं नाही, चढाई केली. चढाई चांगला शब्द आहे, मागं पडला बिचारा, कबड्डीपुरता उरला.

पुलगाववाला :
आन 'छेडलं'?

गुरुजी :
छेडण्यात खोडी आली. शांत बसलेल्याला डिवचणं. पुकारा न करताही छेडता येतं.

कास्तकार :
भाच्याले वाचून दाखवलं, त्याले पटलं. पन आता दुसरंच काढलं त्यानं. हिंदी व्हिडिओत पाह्यलं म्हने, 1971 मंधी पाकिस्तानचे 93,000 'युद्धबंदी', अन आपल्या मराठीत युद्धबंदी म्हणजे लढाई थांबवनं. मले इचारून राहिला, मामा, तेरा दिवसांत 93,000 खेपा कशी थांबवली?

गुरुजी :
त्याला सांगा मराठीत ते युद्धकैदी. आणि मास्तर करा त्याला.