मदत हवी आहे : बेसमेंटच्या काँक्रीट भिंतीला फोम बोर्ड लावण्याआधी काय काय करावं?

कॅनडात, मिसिसॉगात राहतो. घर १९९४ चं, बेसमेंट ओतीव काँक्रीटचं. थंडीच्या आत भिंतींना दोन इंची एक्सपीएस (दाट, कडक फोमचे) बोर्ड चिकटवायचे, पुढे फ्रेमिंग आणि ड्रायवॉल (जिप्समच्या पाट्या), असा साधा बेत होता. बिल्डरने भिंतीच्या फक्त वरच्या निम्म्या भागाला फायबरग्लास आणि त्यावर प्लास्टिक लावलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ते उतरवलं आणि काम तिथेच अडलं.

उत्तरेच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरी बुकटी आहे. आजीच्या भाषेत भिंतीला लोणा लागलाय, म्हणजे ओलीबरोबर क्षार वर आलेत! तारेच्या ब्रशने घासून काढला, पण मागच्या आठवड्यातल्या पावसानंतर परत आला. ओल भिंतीतून येते की घरातल्या हवेतून हे बघायला, कुठेतरी वाचून दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला. दोन दिवसांनी आतून, म्हणजे भिंतीच्या बाजूने थेंब. बाकीच्या तीन भिंतींवर तसाच तुकडा कोरडा निघाला.

शिवाय खिडकीखाली केसाएवढी उभी चीर आहे, आणि काँक्रीट ओततानाच्या साच्याच्या लोखंडी पट्ट्यांची गंजलेली टोकं जागोजागी बाहेर आलीत. त्यांवर बोर्ड सपाट बसणार कसा?

कंत्राटदार म्हणतो, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारा आणि चिकटवून टाका. मला ते पटत नाही. लोण्यावर मारलेला रंग सुटला तर बोर्डही त्याच्यासोबत येणार ना?

प्रतिसाद :
पटत नाहीये तेच बरोबर आहे. पाणी बाहेरून येतंय, मग आधी बाहेर जाऊन बघा. छपराच्या पन्हळीचा पाइप कुठे सुटतो? माती घराकडे उतरते का? ते झाल्यावर लोणा कोरडाच घासा, धुऊ नका, आणि दोन-तीन मोठे पाऊस बघून प्लास्टिक परत लावा.
चिरेत पॉलियुरेथेनचं (फुगून चीर भरणाऱ्या रेझिनचं) इंजेक्शन. ओलसर चिरेतही ते चालतं. पट्ट्यांची टोकं हातोडीने मागेपुढे वाकवली की बहुतेक तुटतात, नाही तर ग्राइंडर. उरलेल्या खड्ड्यात हायड्रॉलिक (ओलीतही झटपट घट्ट होणारं) सिमेंट.
गोंद फोमसाठीचाच घ्या. साध्यातलं सॉल्व्हंट बोर्ड खातं. ठिपके देऊ नका, कडेने सलग रेघ ओढा, म्हणजे घरातली हवा मागे शिरून थंड भिंतीवर दव धरणार नाही. सांध्यांना टेप. वर पुन्हा प्लास्टिक लावायचं मनात असेल तर आधी बांधकाम तपासणाऱ्या इन्स्पेक्टरशी बोला. दोन इंची एक्सपीएसमधून वाफ तशीही फारशी जात नाही.

धागाकर्ता :
आत्ताच टॉर्च घेऊन बघून आलो. उत्तरेच्या कोपऱ्यात पन्हळीच्या पाइपचा खालचा तुकडाच गायब आहे, पाणी भिंतीपासून वीतभर अंतरावर पडतंय. आणि मी तीन आठवडे आतून घासत बसलोय! उद्या सहा फुटी पाइप आणतो. बोर्ड तूर्तास गॅरेजमध्ये.