दानिश, डेनिश आणि डिंगमार

प्रश्न: ‘दानिश’ हे मुलाचं नाव आणि डेन्मार्कवरून आलेलं ‘डॅनिश’ यांचा काही संबंध? बेकरीत मिळतं ते डॅनिश कुठून आलं?

– नावाचा डेन्मार्कशी काही संबंध नाही. दानिश फारसी आहे. ‘दानिस्तन’ म्हणजे जाणणे, त्यावरून दानिश म्हणजे ज्ञान, शहाणपण. इराणात विद्यापीठाला ‘दानिशगाह’ म्हणतात. मराठीत हाच ‘दान’ रोजच्या वापरात आहे: नादान म्हणजे न जाणणारा, कदरदान म्हणजे कदर जाणणारा. अत्तरदान, पिकदाणी यांतला मात्र वेगळा, तो भांडं दाखवतो.

– मग आपल्या ‘दानधर्मा’तलं दान?

– तेही नाही, ते ‘दा’ म्हणजे देणे यावरून. दानिशचं सख्खं नातं ‘ज्ञान’ आणि ‘जाणणे’ यांच्याशी आहे. मूळ धातू एकच. ज्या मूळ ध्वनीचा संस्कृतात ‘ज’ किंवा ‘ह’ झाला, त्याचा अवेस्तेत, म्हणजे पारशी धर्मग्रंथाच्या जुन्या इराणी भाषेत, ‘झ’ आणि जुन्या फारसीत ‘द’ झाला. संस्कृत हस्त, अवेस्तेत झस्त, फारसीत दस्त. दस्तखत म्हणजे हाताचं लिखाण, ते याच दस्तवरून. हे नियम कळले की फारसी परकी वाटत नाही.

– बेकरीतल्या पदार्थाचं नाव डेन्मार्कवरूनच, पण खुद्द डेन्मार्कात त्याला ‘व्हिएन्नाचा पाव’ अशा अर्थाचं नाव आहे. तिथल्या बेकरी कामगारांनी १८५० मध्ये संप केला, तेव्हा ऑस्ट्रियाहून आलेल्या कारागिरांनी ही पदर सुटणारी रीत आणली, असं सांगतात.

– डेन लोकांना जुन्या मराठीत काय म्हणत?

– डिंगमार! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपीय लोकांची यादी आहे: फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरांसीस (फ्रेंच) आणि डिंगमार. बंगालीतही ‘दिनेमार’ आहे. डेन लोक १६२० पासून तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला होते, १७५५ पासून बंगालात हुगळीकाठी श्रीरामपूरला. १८४५ मध्ये दोन्ही ठाणी इंग्रजांनी विकत घेतली. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देईना, म्हणून विल्यम कॅरे श्रीरामपुरात राहिला आणि १८०५ मध्ये तिथेच त्याचं मराठीचं व्याकरण छापून निघालं. डिंगमारांच्या गावात मराठी व्याकरण, ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी.

– लिहावं कसं, डॅनिश की डेनिश?

– डेनिश. इंग्रजी उच्चारही तसाच आहे आणि देशाला आपण डेन्मार्कच म्हणतो, डॅन्मार्क नाही. पेशवाईतली कथा लिहीत असाल तर बेलाशक डिंगमार लिहा.