मदत हवी आहे: आरोग्यासाठी सेंद्रिय घ्यायचं ठरवलंय, पण आधी कशावर खर्च करावा?

नमस्कार मंडळी,

मुलगी आता वरणभात खायला लागली आहे, आणि सासूबाईंचे कर्करोगाचे उपचार नुकतेच संपलेत. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकमत आहे, आता सेंद्रियच आणायचं. आजूबाजूलाही हेच बघते. ज्यांनी सुरू केलं, त्यांच्याकडे आधी कोणीतरी आजारी पडलं होतं किंवा बाळ आलं होतं. चव, पर्यावरण वगैरे नंतरचं. पण अख्खं वाणसामान त्या भावात घेणं आम्हाला परवडणारं नाही.

थोडं वाचलं. 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जीवनसत्त्वांत विशेष फरक दिसला नाही, कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रियात कमी सापडले. फ्रान्सच्या 2018 च्या अभ्यासात जास्त सेंद्रिय खाणाऱ्यांमध्ये कर्करोग कमी आढळला, पण ब्रिटनमध्ये 2014 साली लाखो स्त्रियांच्या पाहणीत एकूण कर्करोगात तसा फरक दिसला नव्हता. म्हणजे पैसे मोजायचे ते फवारणीचे अंश टाळण्यासाठी, असं मी धरून चालले आहे. चुकत असेन तर सांगा.

मग सालीसकट खातो ते आधी घ्यावं का? द्राक्षं, टोमॅटो, पालेभाज्या? युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची प्रयोगशाळेत तपासणी होते, आपल्या हातगाडीवरच्या द्राक्षांची कोण करतं? केळी, कलिंगड, कांदा साधेच आणले तर चालेल ना?

गुळाचं मात्र मी ठरवून टाकलंय. कोल्हापूरकडे मामांच्या गावी गुऱ्हाळावर पाहिलंय. रस उकळताना भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालून मळी वर काढतात. असा गूळ तांबूस-काळपट होतो. गिऱ्हाइकाला पिवळाधमक हवा म्हणून काही जण हायड्रॉस पावडर (रंग उजळवणारं रसायन) टाकतात. ऊस सेंद्रिय होता की नाही हा वेगळा प्रश्न, पण तो पिवळा गूळ आमच्याकडे बंद.

खरी अडचण विश्वासाची आहे. पाकिटावर 'जैविक भारत'चं, म्हणजे प्रमाणित सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह असलं की निदान कागदपत्रं आहेत एवढं कळतं. पण रविवारी आमच्या गेटपाशी 'विषमुक्त भाजी' असा फलक लावून एक शेतकरी दादा टेम्पो घेऊन येतात. छोट्या शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकलं तर प्रमाणपत्राची सक्ती नाही, हे मला माहीत आहे. त्यांची मेथी दोन दिवस छान टिकते, पानांना मधूनमधून अळीची भोकं असतात. एवढ्यावरून काही ठरत नाही ना?

इथे स्वतः शेती करणारे आहेत का? त्या टेम्पोवाल्या दादांना काय विचारू म्हणजे खरं-खोटं कळेल? शेत बघायला येऊ का, असं विचारलं तर त्यांना वाईट वाटेल का? आणि ज्यांनी ठरावीक बजेटमध्ये हे निभावलंय, त्यांनी आधी काय बदललं तेही सांगा. आहारतज्ज्ञ कोणी असतील तर सासूबाईंसाठी वेगळं काही बघायला हवं का, तेही लिहा प्लीज.