मदत हवी आहे: ट्रोलांच्या शिव्यांचं देणगीत रूपांतर कसं करावं?

नमस्कार मंडळी. मी शेतीच्या अवजारांवर मराठीत व्हिडिओ करते. दर व्हिडिओखाली ठरलेली टोळी येते: "बाई, चूल सांभाळ." उत्तर दिलं की त्यांना आणखी चेव येतो.

जर्मनीतल्या वुनझीडेल गावाने २०१४ मध्ये भारी डोकं लावलं होतं. नवनाझींचा मोर्चा अडवायचा नाही, ते चालतील त्या प्रत्येक मीटरमागे १० युरो, तेही त्यांच्याच विचारसरणीतून लोकांना बाहेर काढणाऱ्या 'एक्झिट' संस्थेला! पुढे द्वेषपूर्ण प्रत्येक कमेंटमागे एक युरो, असाही प्रयोग तिकडे झाला.

मलाही प्रत्येक शिवीमागे १० रुपये बाजूला काढायचे आहेत. पैसे पुण्याच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेला द्यावेत असं मनात आहे. विधवेशी लग्न केलं म्हणून अण्णांवर (महर्षी कर्व्यांवर) त्यांच्याच मुरुड गावच्या लोकांनी बहिष्कार टाकला होता. त्यांच्या संस्थेला या टोळीच्या नावाने देणगी जावी, यात मला (थोडा खवचट) आनंद आहे.

अडचणी अशा. हिशेब जाहीर केला तर मजा म्हणून शिव्या वाढतील का? कमाल मर्यादा आधीच सांगावी का? काही प्रेक्षक "आम्हीही भर घालतो" म्हणतात, पण दुसऱ्यांचे पैसे माझ्या खात्यात घ्यायला मी धजत नाही. त्यांनी थेट संस्थेला देऊन फक्त पावतीचा फोटो पाठवावा, हे चालेल ना? देणगीवरच्या करसवलतीची पावती तरी ज्याची त्याच्या नावावर निघेल.

कुणी असं काही केलं असेल तर अनुभव सांगा. आणि "दुर्लक्ष कर" हा सल्ला कृपया नको, तो घरात रोज मिळतो.