मदत हवी आहे: ‘हवे तेवढे बर्गर’ ऑफर आणि माळकरी आई

नमस्कार मंडळी,

बेळगावात टिळकवाडीतल्या एका हॉटेलात सध्या ऑफर चालू आहे. माणशी ठरलेले पैसे भरायचे आणि आपला बर्गर आपणच ठरवून हवे तेवढे खायचे. पाव, टिक्की, चीज, सॉस, भाज्या, सगळ्यांवर कागदावर खूण करून द्यायची. पुतण्या एसएसएलसीला (दहावीला) चांगल्या मार्कांनी पास झालाय, त्याला शब्द दिलाय. खानापूरहून दादा-वहिनी धाकटीला घेऊन येणार आहेत, आणि आमची आईही.

आई माळकरी आहे. अंडंसुद्धा चालत नाही. फोनवर विचारलं तर "व्हेज सगळं वेगळं असतंय" म्हणाले, पण तवा वेगळा का, यावर नीट उत्तर मिळालं नाही. माझी खरी काळजी तीच. टिक्की वेगळ्या कढईत तळली तरी पाव मधे कापून, लोणी लावून त्याच सपाट तव्यावर उलटा टाकतात. शेजारी चिकन भाजत असेल तर त्याची चरबी पावाला लागणारच. उलथनं एकच असलं तरी तेच. शिवाय मेयोनीज अंड्याचं की बिनअंड्याचं? बाटलीवरची हिरवी खूण दाखवा म्हटलं तर दाखवतात का? काही बेकऱ्या पावाला चकाकी यावी म्हणून वरून अंडं फिरवतात, तेही विचारायला हवं. मेनूकार्ड कन्नड-इंग्रजीत, आईला वाचता येतं मराठी, त्यामुळं हे सगळं मलाच आधी बघून ठेवायचंय.

दुसरं, ताटात उरलं तर जादा पैसे, असं बोर्डावर लिहिलंय. धाकटी सहा वर्षांची आहे, अर्धा खाऊन सोडेल. लहान पाव मागता येतो का? तिचं उरलेलं दादानं खाल्लं तर वाटून खाल्लं म्हणून अडवतात का? आणि आईनं नुसता चहा घेतला तरी तिचे पूर्ण पैसे लावतात का?

बिलाचं मला माहीत आहे. जीएसटी 5 टक्के द्यावाच लागतो, पण सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं सांगितलंय आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. लावलाच तर काढायला सांगेन, नाही ऐकलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पुतण्याला सगळे प्रकार चाखायचेत. पावानंच पोट भरतं, म्हणून पहिल्या बर्गरला चीज-सॉस कमी आणि कोल्ड्रिंक शेवटी, असं मी त्याला सांगितलंय. जाऊन आलेल्यांनी अजून काही सुचवावं. दुसरा बर्गर यायला किती वेळ लावतात? रविवारी संध्याकाळी गर्दीत वेळेची मर्यादा घालतात का?

चातुर्मास लागायच्या आत जायचं आहे. तवा वेगळा नसेल तर आईसाठी तिथं दुसरं काय मागवता येईल तेही कळवा. तिला घरी ठेवून आम्ही जाणार नाही. कॉलेज रोड किंवा कॅम्पाकडं अशीच ऑफर देणारं पूर्ण शाकाहारी हॉटेल असेल तर फारच बरं, सगळे तिकडंच जाऊ.